विरूप फळ आणि विकृत द्रव्य

आवळ्याचा हंगाम आला की कर्जत आणि खोपोलीच्या बाजारात एक दृश्य हमखास दिसते. डोंगरातून उतरलेल्या ठाकूर व कातकरी स्त्रिया आवळ्यांचे वाटे लावून बसतात. गिऱ्हाईक येते, वाट्यातील मोठी, गोल, नितळ फळे वेचून बाजूला काढते आणि उरलेल्या बारक्या, डागाळलेल्या, एका अंगाने चपट्या फळांकडे बोट दाखवून "ही नकोत" असे म्हणते. दिवस कलताना टोपलीत तीच उरतात. घरी परतायची घाई असल्यामुळे ती मिळेल त्या भावाने जातात, नाही तर तेथेच टाकली जातात. वेचून घेणाऱ्या त्या गिऱ्हाइकांत आम्ही वैद्य आणि औषधालयांचे चालकही असतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

फळ नाकारण्याचा हा आधार कोणता, हा प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. शास्त्राने टाकावयास सांगितलेले द्रव्य आणि बाजाराने टाकलेले फळ ही दोन्ही एकच आहेत काय? नसतील, तर औषधालयाने या दुसऱ्या ढिगाकडे पुन्हा पाहावयास हवे.

नासाडीचा हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांपुरता नाही. जगात माणसासाठी पिकविलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश अन्न वाया जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली मांडला. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेने २०१५ साली केलेल्या पाहणीत काढणीपश्चात हानी फळांत ६.७० ते १५.८८ टक्के व भाज्यांत ४.५८ ते १२.४४ टक्के आढळली. यात पेरूचा क्रमांक सर्वांत वर होता. यातील पुष्कळसे नुकसान उष्णता, वाहतूक व साठवण यांमुळे होते हे खरे. पण केवळ रूपावरून नाकारलेला मालही शेवटी त्याच वाटेने जातो. युरोपात तर काकडी दहा सेंटिमीटर लांबीत दहा मिलिमीटरहून अधिक वाकलेली नसावी, असा उच्च प्रतीसाठी नियमच होता. काकडीसह २६ फळे-भाज्यांचे असे नियम १ जुलै २००९ पासून रद्द झाले. २०१४ साली फ्रान्समधील एका मोठ्या दुकानसाखळीने वेडीवाकडी फळे-भाज्या मुद्दाम वेगळ्या मांडून तीस टक्के कमी दराने विकली, त्याची जगभर चर्चा झाली. आपल्या आठवडा बाजारात असा लेखी नियम कधीच नव्हता. आपला नियम डोळ्यांत असतो, आणि तो रद्द करणे अधिक कठीण.

शास्त्राने काय टाकावयास सांगितले

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात त्याज्य फळांचे वर्णन केले आहे. जुने झालेले, अपक्व, कृमी, सर्पादी प्राणी, हिम वा ऊन यांनी दूषित, अयोग्य देशी किंवा अयोग्य काळी उपजलेले, आणि कुजून ओलसर झालेले फळ चांगले नव्हे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी द्रव्यांच्या संग्रहाचा विधी येतो. तेथेही ऊन, अग्नी, पाणी, वारा व कीटक यांनी बाधित न झालेले, योग्य ऋतूत वाढलेले, रस-वीर्य-गंधादींनी परिपूर्ण असे द्रव्य घ्यावे, असेच सांगितले आहे. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. तिच्यात अवस्था आहे, काळ आहे, देश आहे, बाधा आहे. फळ वाकडे आहे, जुळे आहे, सालीवर खरखरीत चट्टा आहे, एवढ्या कारणाने ते त्याज्य ठरविलेले नाही.

अपवाद दडवून ठेवणे योग्य नव्हे. भावप्रकाशात श्रेष्ठ हरीतकीची लक्षणे देताना ती नवीन, स्निग्ध, घन, गोल, जड व पाण्यात बुडणारी असावी, आणि एका फळाचे वजन दोन कर्ष भरावे, असे म्हटले आहे. येथे आकार व वजन दोन्ही आले. परंतु ते श्रेष्ठतेचे लक्षण आहे, त्याज्यतेचे नव्हे. शिवाय पाण्यात बुडणे ही कसोटी घनतेची आहे, सौंदर्याची नव्हे. वेडावाकडा पण जड, बुडणारा हिरडा आणि देखणा पण तरंगणारा हिरडा यांत कोणता निवडावा, याविषयी आम्हांस तरी संशय नाही. बेलाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. फळे पिकलेली चांगली, परंतु बेल मात्र कच्चा गुणवान, हा सुश्रुतांनी सांगितलेला अपवाद आपण विद्यार्थिदशेत पाठ केला. वादळवाऱ्यात गळून पडलेले कोवळे बेल बागाईतदाराच्या दृष्टीने नुकसान असते. अतिसार-ग्रहणीवरील आपल्या औषधांना हवे असते ते नेमके तेच. मात्र ते त्याच दिवशी उचलून, चकत्या करून वाळवावयास हवे.

कायद्याची भाषाही याहून निराळी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या ३३ ईई या कलमात भेसळयुक्त आयुर्वेदीय औषधाची व्याख्या आहे. घाणेरडा, सडका वा कुजलेला पदार्थ अंशतः जरी औषधात असला, तरी ते भेसळयुक्त ठरते. आयुर्वेदीय फार्माकोपियात फळाच्या रूपाचे व मापाचे वर्णन येते, ते ओळख पटविण्यासाठी. गुणवत्तेचा निर्णय भस्म, आम्लअद्राव्य भस्म, जलद्राव्य व मद्यद्राव्य सत्त्व इत्यादी परीक्षांवर होतो. थोडक्यात, विरूपतेवर शास्त्राचा वा कायद्याचा आक्षेप नाही, विकृतीवर आहे. बाजाराचा डोळा मात्र या दोहोंना एकाच टोपलीत टाकतो.

पाचशे आवळे

या भेदाचा सर्वांत मोठा व्यावहारिक परिणाम च्यवनप्राशात दिसतो, म्हणून येथे थोडे थांबू.

चरकोक्त पाठात आवळे वजनाने नव्हे, संख्येने सांगितले आहेत : पाचशे. बाकीची द्रव्ये मात्र मापाने. पाणी एक द्रोण, तेल व तूप मिळून बारा पल, मत्स्यण्डिका अर्धी तुला म्हणजे पन्नास पल, मध सहा पल. सध्याच्या प्रचलित मानाप्रमाणे पल ४८ ग्रॅमचा धरला, तर खडीसाखर २ किलो ४०० ग्रॅम होते. आता हे पाचशे आवळे कोणते घ्यावयाचे? डोंगरातला रानआवळा साधारण आठ ग्रॅमचा धरला, तर पाचशे फळांचे वजन चार किलो भरते. नरेंद्र आवळा-७ यांसारख्या लागवडीच्या जातीचे फळ चाळीस ग्रॅमच्या आसपास असते. तशी पाचशे फळे वीस किलो होतात. साखर तेवढीच. एका ठिकाणी आवळ्याच्या तीन पंचमांश साखर, तर दुसऱ्या ठिकाणी जेमतेम आठवा हिस्सा. दोन्ही पाक 'शास्त्रोक्त' म्हणवतील, पण ती दोन निराळी औषधे असतील.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी औषधालयासाठी शहरातील बाजारातून टपोरे, एकसारखे, डोळ्यांत भरणारे आवळे चढ्या भावाने आणले आणि मोठ्या श्रद्धेने पाचशे मोजून घातले. द्रवद्वैगुण्य धरूनही पाण्यात ती फळे जेमतेम बुडाली. गर परतण्यास तेल-तूप पुरेना, लेहपाकाची लक्षणे येता येईनात, तळ मात्र लागू लागला आणि चव इतकी आंबट की शेवटी अंदाजाने साखर घालावी लागली. तो घाणा ना चरकाचा राहिला, ना आमचा. चूक फळाची नव्हती; देखणे फळ म्हणजे उत्तम द्रव्य, या आमच्या समजुतीची होती. आचार्यांच्या डोळ्यांपुढे लहान रानफळच असावे, असे त्या प्रमाणावरून आम्हांस वाटते. हे अनुमान आहे, आग्रह नाही. परंतु कर्जत-खालापूरच्या बाजारात जे आवळे 'बारके' म्हणून मागे पडतात, ते या पाठाला अधिक जवळचे आहेत, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

मोठ्या फळाची आणखी एक गोष्ट. फ्रान्सिस म्हणजे हाथीझूल आणि बनारसी या जातींत बोरॉनच्या कमतरतेमुळे फळ आतून तपकिरी व पुढे काळे पडते. हा विकार पुष्कळ वाढेपर्यंत साल नितळ राहते. अशी फळे वरून पाहून कोणीही पसंत करील. उलट सालीवर फांदी घासून पडलेला खरखरीत चट्टा बहुधा सालीच्या खाली जात नाही. म्हणून डोळ्याने निवडण्यापेक्षा सुरीने निवडावे. प्रत्येक खेपेतील दहा-पंधरा फळे कापून पाहिल्यावाचून माल आत घेऊ नये, असा नियम आम्ही त्या फसलेल्या घाण्यानंतर केला.

बारका माल घ्यावयाचा तर दोन अडचणी येतात. पहिली मजुरीची. लहान फळात बीचे प्रमाण अधिक, आणि पोटलीतून काढल्यावर बिया वेगळ्या करून गर कापडातून घासून काढण्याचे काम दुपटीने वाढते. म्हणून भाव फळाच्या नव्हे, गराच्या वजनावर ठरवावा. एक किलो फळ उकडून, बिया काढून गर मोजावा. मोठ्या फळाच्या किलोत समजा नऊशे ग्रॅम आणि लहान फळाच्या किलोत सातशे ग्रॅम गर निघाला, तर भावातील न्याय्य अंतर तेवढेच, आणि वर मजुरी. सध्या बारक्या मालाला पडणारा भाव त्याहून कितीतरी खाली असतो. जो फायदा उरतो, त्यातला काही भाग वाटा लावून बसलेल्या बाईच्या पदरात पडला, तर खरेदी पुढच्या वर्षीही टिकते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 'बारके चालतात' ही बातमी डोंगरात गेली की कच्चे आवळे आधीच झोडून आणले जाण्याचा संभव आहे. रानफळ जातीने लहान असणे वेगळे आणि कोवळे म्हणून लहान असणे वेगळे. कापल्यावर बीचे कवच पांढुरके दिसले तर फळ अपक्व. तपकिरी झाले असेल तर तयार. कार्तिकाच्या आधी बारका आवळा घेऊच नये, आणि फांद्या तोडून आणलेला तर केव्हाही घेऊ नये. फांदी गेली की पुढच्या वर्षीचे फळही गेले.

वाकडेपणाचे निदान

भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९२२ पासून सुटणारे पाणी पेज नदीतून राजनाल्याला मिळते आणि त्यावर कर्जत तालुक्यातील पुष्कळ गावांत उन्हाळी भात व भाजीपाला होतो. खालापुरात पाताळगंगेच्या काठी आणि पावसाळ्यात दोन्ही तालुक्यांच्या वरकस जमिनीत काकडी, कारली, शिराळी, दुधी, भेंडी पिकते. यांतील सरळ माल कल्याण, पनवेल, वाशीकडे जातो. वाकडा बांधावर राहतो, किंवा गुरांपुढे पडतो.

रुग्णाला पथ्य सांगताना आपण दुधी, पडवळ, कारली यांची नावे घेतो. अलीकडे भाव ऐकून रुग्ण गप्प होतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अशा वेळी 'वाकडी घ्या, स्वस्त मिळतात' एवढे सांगणे पुरेसे नाही. वाकडेपणा हे लक्षण आहे, आणि लक्षणामागे हेतू शोधणे हा आपला व्यवसाय आहे.

काकडी, दुधी, कारली या वर्गात परागीकरण अपुरे झाले की सर्व बिया धरत नाहीत. ज्या बाजूला बी धरले नाही ती बाजू आखडते आणि फळ वाकते, किंवा एका टोकाला निमुळते राहते. मधमाश्या कमी, सततचा पाऊस, पाण्याचा ताण, अशी याची कारणे. हे फळ निर्दोष आहे. दुसरे कारण फळमाशीचे. माशी कोवळ्या फळात अंडी घालते, तेथे सूक्ष्म छिद्र पडते, कधी त्यावर डिंकासारखा थेंब सुकलेला दिसतो आणि त्या जागी फळ खोलगट होऊन वळते. आत अळी असते, मागाहून कूज येते. हे कृमिदूषित फळ. शास्त्रानेही टाकावयास सांगितलेले. बाहेरून दोन्ही 'वाकडी कारली'च. वळणाच्या आतल्या बाजूस अंगठ्याने दाबून पाहावे. छिद्र किंवा मऊ डाग नसेल तर निःशंक घ्यावे. भेंडीत वाकडेपणाने काही बिघडत नाही, पण ती जून झाली की मोडताना टक् असा आवाज न येता वाकते आणि दोरे राहतात, तेवढे पाहावे.

दुधीविषयी मात्र स्वतंत्र इशारा द्यावयास हवा, कारण दुधीचा रस आपणच रुग्णांना सुचवितो. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाने अभ्यास करून २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडू रस मुळीच घेऊ नये. रस काढण्यापूर्वी तुकडा चाखून पाहावा. कडू रसानंतर उलटी, जुलाब, अस्वस्थता झाल्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे, हा त्यांचा सल्ला. या वर्गातील कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य त्याच्या मुळाशी आहे. आपल्याला यात आश्चर्य वाटावयास नको होते. कल्पस्थानात इक्ष्वाकु म्हणजे कडू भोपळा हा वामक म्हणून सांगितला असून त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ज्याला आचार्यांनी शोधनद्रव्य मानले, ते कोणी रोज सकाळी पेलाभर पथ्य म्हणून घेऊ लागले, तर दुसरे काय होणार! सरळ, तुकतुकीत, महाग दुधीसुद्धा कडू निघू शकतो आणि वाकडा दुधी गोड असू शकतो. येथे डोळा निरुपयोगी आहे. जिभेवर ठेवून पाहिलेला एक तुकडा हेच प्रमाण.

पावसाच्या तोंडावरचे जांभूळ

जांभळाचे गणित आवळ्यापेक्षा सोपे आणि वेळापत्रक अधिक कठीण. माथेरानच्या पायथ्यापासून भीमाशंकरच्या उतारापर्यंतची जांभळे ज्येष्ठात एकदम येतात. पाटीतील वरच्या थराच्या भाराने खालचा थर फुटतो, आणि पहिला पाऊस झाला की झाडाखाली सडा पडतो. फुटलेले जांभूळ कोणी विकत घेत नाही. आपल्याला मधुमेहावर हवे असते ते बी, आणि बीला फुटण्याने काही झालेले नसते. त्याच दिवशी गर चोळून काढून, बी स्वच्छ धुऊन वाळत घातले तर उत्तम द्रव्य मिळते. परंतु या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो नेमका त्याच दिवसांत सुरू होतो. ओटीवर पसरलेले बी चार दिवसांत बुरशीने पांढरे होते. मग ते झाडून, पुसून, दळून विकण्याचा मोह होतो. या मोहापेक्षा बी टाकलेले बरे. ज्या औषधालयाकडे गरम हवेचा वाळवणी कक्ष आहे, त्याने ओले बी धुतल्याबरोबर विकत घ्यावे. ज्याच्याकडे नाही, त्याने पावसाळ्यातील बियांच्या वाटेला जाऊ नये.

चूर्णात दोष लपतो

या लेखावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. 'विरूप चालते' या वाक्याआड सडका माल आत येईल. बाजारात टाकाऊ माल शेवटी कोठे जातो, हे आपण जाणतो : तो दळला जातो. चूर्णात रूप राहत नाही, म्हणून दोषही दिसत नाही. काही बुरशींची विषे उकळण्याने किंवा वाळविण्याने नष्ट होत नाहीत. साठवणीतील ओलसर द्रव्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे त्यांतले एक. सडक्या सफरचंदातील पॅट्युलिन हे दुसरे; सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम एवढीच ठरविली आहे. आवळ्यावरही निळसर बुरशी येते. तेव्हा नरम फळाचा सडका भाग कापून उरलेला वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

म्हणून विरूप माल घेणाऱ्याने तो अखंडच घ्यावा, चूर्ण किंवा तुकडे घेऊ नयेत. आल्या दिवशीच तो निवडून धुवावा आणि दोन दिवसांच्या आत पाकात किंवा वाळवणीत घालावा. जखमी साल ही बुरशीला उघडे दार असते. शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची नोंद आपण ठेवतोच. तीत एक रकाना वाढवून 'दृश्य दोष' लिहावा : बारका, चट्टा, मार लागलेला, जुळा. शेजारी कापून पाहिलेल्या फळांची संख्या आणि त्यांतील बाद फळे. निरीक्षकाने विचारले तर दाखविता येते, हा एक लाभ. आपण स्वतःला फसवीत नाही, हा दुसरा.

खरेदीच्या वाटा आता पूर्वीपेक्षा मोकळ्या आहेत. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरून थेट माल घेता येतो. वनहक्क अधिनियम २००६ ने पात्र वननिवासींचा गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. तरीही सर्वांत सोपी सुधारणा आठवडा बाजारातच करता येईल. वाटा घ्यावयाचा तर पूर्ण घ्यावा, वेचू नये. घरी आणून आपण निवडावा : मोठी फळे मोरावळ्याला, मध्यम च्यवनप्राशाला, अगदी बारकी व चट्ट्याची फळे बी काढून वाळवून आमलकी चूर्णाला, आणि नासकी खतात.

येत्या कार्तिकापासून माघापर्यंत आम्ही आमच्या औषधालयात प्रत्येक खेपेतील शंभर आवळ्यांचे वजन, त्यांतून निघालेला गर, बाद फळे आणि दिलेला भाव यांची नोंद ठेवणार आहोत. परिसरातील वैद्य व औषधनिर्माते यांनीही आपापल्या तराजूवर हे करून नोंदी पुढील अंकासाठी धाडाव्यात. फळे कोणत्या गावची, रानातली की लागवडीची, आणि कोणत्या तिथीची, एवढे कागदावर अवश्य असावे.